अहिंसेचे व्रत आणि ब-१२

१९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन व सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला. दूधही वर्ज्य मानणारा हा आहार आपल्या महानगरांतील तरुणांनाही आकर्षित करतो आहे. भारतीय शाकाहाराने अहिंसा जपली, परंतु गोरस त्यागला नाही. वनस्पतिजन्य अन्नातून ब-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो, मज्जातंतूंची कायमची हानीही होऊ शकते. मात्र केवळ परंपरेचा अभिमान पुरेसा नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुणे परिसरातील शाकाहारी पुरुषांतही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. म्हणून दूध सोडणाऱ्याने पूरक गोळी घ्यावीच, न सोडणाऱ्यानेही रक्ततपासणी करावी. स्वतःच्या देहाची हिंसा करून अहिंसेचे व्रत पाळता येत नाही.