पुसलें तें गेलेंच काय ?

आपल्या लकडगंजांतील लाकडाच्या बाजारांत सागाचा ओंडका एकदां आऱ्याखालीं गेला, म्हणजे त्याचे झालेले दोन तुकडे पुन्हा एक होत नाहींत. संगणकावर गाण्याचें ध्वनिमुद्रण करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांची समजूत अशीच असते कीं, एखादें मुद्रण चुकून पुसलें गेलें म्हणजे तें कायमचें गेलें. ही समजूत बहुधा खोटी आहे. आणि तिच्यापासून उत्पन्न होणारी घाबरगुंडी मूळ चुकीहून अधिक घातक आहे, असें आमचें मत आहे.

रीपर किंवा एबलटन लाइव्ह यांसारख्या साधनांत पडद्यावर दिसणारी ध्वनीची पट्टी म्हणजे प्रत्यक्ष ध्वनि नव्हे. कोणती फाईल कोठून कोठपर्यंत वाजवावयाची, एवढाच हुकूम त्या पट्टींत असतो. पट्टी कापली अथवा काढून टाकली, तर हुकूम तेवढा रद्द होतो. मूळ फाईल त्या कामाच्या फोल्डरांत जशीच्या तशी राहते. एबलटनमध्यें ती ‘सॅम्पल्स’ या फोल्डरांतील ‘रेकॉर्डेड’ या कप्प्यांत पाहावी. जणूं आऱ्यानें लाकूड कापलेंच नाहीं, वर खडूची रेघ मात्र ओढली !

विनामूल्य मिळणाऱ्या ऑडॅसिटीची रीत थोडी निराळी आहे. तेथें पुसलेला भाग ‘अन्डू’ या आज्ञेनें, म्हणजे कंट्रोल व झेड हीं दोन बटणें एकदम दाबून, परत येतो. मध्यंतरीं काम सांठविलें असलें तरी येतो. परंतु काम बंद केलें कीं मागें जाण्याची ही वाट बुजते. वीज गेल्यामुळें ऑडॅसिटी आपोआप बंद पडलें असेल, तर मात्र पुढच्या वेळीं उघडतांच तें अर्धवट राहिलेलें काम परत हवें काय, असें विचारतें. तेव्हां प्रश्न नीट न वाचतां भलतेंच बटण दाबूं नये.

फाईलच पुसली गेली असेल, तर प्रथम रीसायकल बिन पाहावी. तेथूनहि ती गेली असली तरी आशा संपत नाहीं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरील फाईल पुसतांना संगणक बहुधा अनुक्रमणिकेंतील तिची नोंद तेवढी खोडतो. त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत आंतील पानें तशींच राहतात. फोटोरेक नांवाचें विनामूल्य साधन अशीं पानें हुडकून काढतें. नांव छायाचित्रांचें असलें तरी तें ध्वनीच्या फाईलीहि शोधतें. मात्र तें त्याच डिस्कवर उतरवूं नये व सांपडलेलें तेथेंच सांठवूं नये; नाहीं तर माग काढणाराच आपल्या पावलांनीं माग पुसून टाकील. नव्या सॉलिड स्टेट डिस्कवर ‘ट्रिम’ नांवाची व्यवस्था मोकळी झालेली जागा लवकरच साफ करिते. तेथें आशा थोडी.

या सर्व उपायांचें सार एकच : हात थांबवावा. घाबरलेल्या मुलाला नेमकें हेंच साधत नाहीं. वडील रागावतील, सोबती हंसतील, या भयानें तो झटकन् काम बंद करितो, उणें झालेलें झांकण्यासाठीं घाईघाईनें नवें मुद्रण करूं लागतो, आणि जें परत मिळालें असतें त्यावर स्वतःच्याच हातानें माती लोटतो. म्हणून पालकांस आमची आग्रहाची विनंति आहे कीं, मूल ‘पुसलें गेलें’ असें सांगत आलें तर आपला पहिला शब्द रागाचा नसावा. कोणी म्हणतील, अशानें मुलें निष्काळजी होतील. शिस्त आम्हांसहि प्रिय आहे. परंतु शिस्तीचा धडा उद्यां देतां येतो, फाईल मात्र उद्यां मिळेलच असें नाहीं.

एका मुद्रणासाठीं एवढा खटाटोप कशाला, असेंहि कोणी विचारील. पुन्हा गाइलेलें गाणें तेंच गाणें नसतें. आणि ओवी म्हणणाऱ्या आजीचा आवाज तर पुन्हा मागतां येईलच असें नाहीं. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खां १९४६ सालीं मुंबईस वारले. त्यांच्या गायनाचें एकहि मुद्रण आज ऐकावयास मिळत नाहीं. मुद्रण होऊनहि तें हरपतें, असेंहि घडतें. १९६९ च्या जुलैंत मनुष्यानें चंद्रावर पाऊल ठेविलें, त्या प्रसंगाच्या मूळ फितींचा अमेरिकेच्या नासा संस्थेनें पुष्कळ शोध केला. त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. अन्यत्र प्रती राहिल्या होत्या, म्हणूनच तें दृश्य आज आपणांस पाहावयास मिळतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, मुद्रण संपतांच त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर व दुसरी घराबाहेर कोठें तरी ठेवण्याची संवय लावा. चूक झालीच तर हात आवरा आणि तत्क्षणीं घरच्या वडील मंडळींस सांगा. आणि पालकहो, तें सांगावयास आलेल्या मुलाला जवळ बसवून घ्या व दोघांनीं मिळून प्रथम तो फोल्डर उघडून पाहा.