जखमेची भरपाई आणि घराचें भाडें

कारखान्यांत काम करितांना मजुराचा हात यंत्रांत सांपडून निकामी झाला, तर त्याबद्दल मिळणारी रक्कम ही कमाई समजावी कीं गेलेल्या हाताची भरपाई? वाद वरवर शाब्दिक दिसतो. परंतु अमेरिकेंत सरकारी मदतीनें घर मिळालेल्या गरीब कुटुंबांचें भाडें याच शब्दावर ठरत आलें आहे.

तेथें अशा कुटुंबास सामान्यतः उत्पन्नाचा शेंकडा 30 इतका भाग भाड्यादाखल भरावा लागतो; उरलेला बोजा सरकार सोसतें. जुन्या नियमाप्रमाणें भरपाई एकरकमी मिळाली तर ती उत्पन्नांत धरीत नसत. दर आठवड्यास मिळाली तर धरीत. आठवड्यास 300 डॉलर मिळाले कीं वर्षाचें 15,600 डॉलर उत्पन्न मांडलें जाई, आणि वजावटी न धरतां त्यांतील दरमहा 390 डॉलर भाड्यांत जात. जखम तीच, पैसा कोणत्या रीतीनें हातीं आला एवढ्यावरून न्याय बदले! याच रकमेवर तेथील सरकार प्राप्तीवरील कर मात्र घेत नाहीं.

कोणी म्हणेल, ही रक्कम बुडालेल्या मजुरीच्या जागीं येते. मग मजुरी करणाऱ्या शेजाऱ्यानें भाडें भरावें व यानें भरूं नये, हें कसें? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु शेजाऱ्याचा हात शाबूत आहे. जखमी मनुष्यास बहुधा मजुरीच्या दोन-तृतीयांशच मिळतात, आणि तेवढ्यासाठीं त्यास मालकावर दावा लावण्याच्या हक्कावर सामान्यतः पाणी सोडावें लागतें. आमचे व्यापारी वाचक जळालेल्या मालाच्या विम्याची रक्कम नफा म्हणून मिरवितात काय? मग मोडलेल्या हाडांस निराळा न्याय कां?

2016 सालीं तेथील कायदेमंडळानें घरांच्या कायद्यांत सुधारणा केली, आणि तदनुसार 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं ही भरपाई, हप्त्यांनीं मिळो वा एकदम, उत्पन्नांतून वगळली. हें योग्यच झालें. परंतु अन्नसाह्याच्या नियमांत तीच रक्कम अद्यापि उत्पन्न गणली जाते. एकाच मजुराचा एकच पैसा एका कचेरींत भरपाई, तर दुसरींत मिळकत!

आमच्याकडील 1923 च्या कायद्यानें अशी भरपाई सावकारास जप्त करतां येऊं नये असें ठरविलें होतें. त्यामागील तत्त्व सर्व देशांस लागू आहे. सावकाराच्या हातून जें वांचवावयाचें, तें सरकारी कारकुनाच्या वहींत बुडूं देणें ही सुधारणा नव्हे.