नशीब नव्हे, कारण शोधा!

वस्तीत फिरताना एखादी माऊली कडेवरचे लेकरू दाखवते आणि म्हणते, "भाऊ, पोर अंगाने भरतच नाही. असेल त्याच्या नशिबात!" धम्मदीक्षा घेतलेल्या घरातही हा शब्द ऐकला की आम्हांला वाईट वाटते. म्हणूनच आज वाचकांना एका पाखराची गोष्ट सांगत आहोत.

या पाखराचे नाव रेड नॉट. वजन साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम. समुद्राला ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या चिखलात चोच खुपसून ते शिंपले शोधते आणि कवचासकट गिळते. कोंबडी साफ करताना पोटातली जी जाड, चिवट पिशवी आपल्या भगिनींच्या हाती लागते, तशीच पिशवी या पाखरालाही असते. तिच्यात शिंपल्याचा चुरा होतो. रेड नॉटची एक शाखा उन्हाळ्यात सायबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर भागात, अंडी घालते आणि हिवाळ्यात आफ्रिकेतील मॉरिटानिया देशाच्या किनाऱ्यावर उतरते. वाटेत युरोपात मुक्काम असतो. एका बाजूचा प्रवास सुमारे ९,००० किलोमीटर!

हॉलंडचे शास्त्रज्ञ थ्यूनिस पीर्समा यांनी आपली हयात या पाखरांच्या अभ्यासात घातली. पाखरू पकडायचे, मोजायचे, पायात रंगीत कड्या घालून सोडून द्यायचे आणि ते पुन्हा कोठे दिसते हे वर्षानुवर्षे टिपत राहायचे, असे हे चिकाटीचे काम. २००१ साली रेड नॉटच्या एका शाखेला त्यांचेच नाव देण्यात आले.

त्यांचे सहकारी यान फान गिल्स यांच्या नेतृत्वाखाली २०१६ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. तैमिर भागातील बर्फ गेल्या तीन दशकांत दरवर्षी सरासरी अर्धा दिवस लवकर वितळत गेले. बर्फ गेले की किडे निघतात आणि त्या किड्यांवरच पिले वाढतात. पण पिले अंड्याबाहेर येईपर्यंत किड्यांचा बहर सरून जातो, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. परतीच्या वाटेवर पोलंडच्या किनाऱ्यावर या पिलांची मोजमापे घेतली, तेव्हा दिसले की बर्फ लवकर गेलेल्या वर्षांची पिले अंगाने लहान आणि चोचीने आखूड होती. आफ्रिकेत पोहोचल्यावर याचा परिणाम उघड होतो. तिथले शिंपले चिखलात खोल असतात. आखूड चोच पोहोचत नाही. मग समुद्रगवताच्या मुळ्यांवर पोट भरावे लागते आणि अशी पिले जास्त मरतात.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पडलेले मेलेले पाखरू पाहून कोणीही म्हणेल, त्याचे नशीब! पण त्याच्या मरणाचे कारण हजारो किलोमीटर दूर, त्याच्या बाळपणीच्या उपासमारीत होते. मोजमाप केले म्हणून ते सापडले.

कारण सापडले की ते दूरही करता येते. हॉलंडच्या वाडन समुद्रात ग्रीनलंड-कॅनडाकडून येणारे नॉट हिवाळा काढतात. हा भाग संरक्षित, तरीही मोठ्या बोटी यंत्राने चिखल उपसून शिंपले काढत. पीर्समा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाखरांची चक्क सोनोग्राफी केली! यंत्र फिरलेल्या चिखलात उरलेल्या शिंपल्यांत कवच जास्त, मांस कमी. पोट भरायचे तर जास्त कवच दळावे लागे. ज्यांची पोटातली पिशवी लहान, ती पाखरे पुन्हा दिसलीच नाहीत. बराच वाद झाला. अखेर २००४ साली डच सरकारने ही यांत्रिक मासेमारी बंद करण्याचा निर्णय घेतला. हाताने शिंपले वेचणाऱ्यांना मात्र मर्यादित परवानगी राहिली, ही गोष्ट कष्टकऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

बर्फ वितळण्याचे कारण मात्र असे एका हुकमाने थांबणारे नाही. धूर सोडणारे एकीकडे आणि उपाशी राहणारे पिलू दुसरीकडे! नासधूस कोणाची आणि भोग कोणाला, हा हिशेब आपल्या समाजाला नव्याने शिकवायला नको.

तथागतांनी सांगितले, दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते. बाबासाहेबांनी हाच मार्ग आपल्या हाती दिला. तेव्हा माऊलींनो, लेकरू भरत नसेल तर नशिबाला बोल लावू नका आणि स्वतःलाही दोष देऊ नका. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या, ते तक्त्यावर लिहिले की नाही ते पहा. आहार मिळत नसेल तर का मिळत नाही, हे चौघीजणी मिळून विचारा. सव्वाशे ग्रॅमच्या पाखराचे कारण शोधायला माणसे जन्मभर चिखलात उभी राहतात. आपल्या लेकराचे कारण शोधायला आपण दारापर्यंत तरी जाऊ या.

जयभीम!