सेव्ह झालं... खरंच?

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना धरा, मला नको!

गेल्या सेमला आम्ही तिघींनी हॉस्टेलच्या मेससाठी लिनक्सवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गेस्टचं ताट गेलं की रूम नंबर टाकायचा, एंटर मारायचं, की स्क्रीनवर 'नोंद झाली'. महिनाअखेरीला बिल तयार. एका रविवारी फीस्टची रांग लागलेली असताना लाइट गेली. यूपीएस वगैरे चैन आपल्याकडे कुठली? लाइट आल्यावर बघतो तर शेवटच्या सात ताटांची नोंदच नाही! सातही वेळा 'नोंद झाली' हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. ताटं कोणाची ते कोणी सांगेना. पैसे मेसच्या मावशींच्या खिशातून गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरींनो, माझी वहीच बरी. लिहिलं की लिहिलं."

ते मला लागलं. मग शोधाशोध केली. आम्ही एफफ्लश केलं होतं, म्हणजे डेटा आमच्या प्रोग्रॅमकडून कर्नलकडे गेला होता. पण कर्नल तो लगेच डिस्कवर लिहीत नाही! का, तर डिस्क भयंकर स्लो. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात हेड सरकायचा वेळ धरला तर एका कामाला साधारण १० मिलिसेकंद. मेमरीला लागतात साधारण १०० नॅनोसेकंद. म्हणजे मेमरीचं काम एका सेकंदात होतं असं मानलं, तर डिस्कला एक दिवस आणि वर चार तास लागतील. एसएसडी खूप फास्ट, तरी तिलाही पंधरा-वीस मिनिटं.

म्हणून कर्नल लिहायचा डेटा मेमरीत साठवतो, नीट क्रम लावतो आणि एकदम लिहितो. लिनक्समध्ये सर्वसाधारण सेटिंगला असा डेटा ३० सेकंद थांबू शकतो. आमची सात ताटं त्या अर्ध्या मिनिटात गेली.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. हा आळस नसता तर कॉम्प्युटर वापरणं अशक्य झालं असतं. 'आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही' असं सांगायला एफसिंक आहे, पण ते ऊठसूट वापरलं की काय होतं हे २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने दाखवलं. ईएक्सटी३ वर एका छोट्या फाइलच्या एफसिंकबरोबर इतरांचाही साठलेला डेटा लिहिला जायचा आणि ब्राउझर काही सेकंद गोठायचा. उलट २००९ मध्ये ईएक्सटी४ वापरात येऊ लागलं तेव्हा एफसिंक न करता फाइल पुन्हा लिहिणाऱ्यांना क्रॅशनंतर शून्य बाइटच्या फाइल मिळाल्या. कर्नलवाले म्हणाले, एफसिंक करा. वापरणारे म्हणाले, आधी तर चालत होतं! शेवटी नेहमीच्या प्रकारांसाठी ईएक्सटी४ मध्येच तोडगा घातला गेला.

माझं मत विचाराल तर, शब्द ज्याने दिला त्याने पाळावा. 'नोंद झाली' हे कर्नल म्हणाला नव्हता, आम्ही म्हणालो होतो. ब्राउझरची हिस्टरी अर्धा मिनिट उशिरा लिहिली तर कोणाचं काही बिघडत नाही. पण पैशाच्या नोंदीला आधी एफसिंक, ते यशस्वी झालं का ते तपासायचं, आणि मगच 'नोंद झाली'. आता आम्ही तसंच करतो. रांगेत कोणाला फरकही कळत नाही.

आणि सरांना एक विनंती. डिस्कचं हेड किती सिलिंडर सरकलं याची गणितं आम्ही परीक्षेत घोकून सोडवतो, मार्कही पडतात. पण लिहिता लिहिता लाइट गेली तर काय उरतं, हे एकाही प्रॅक्टिकलमध्ये नाही. एक व्हर्च्युअल मशीन घ्या, फाइल लिहायला लावा आणि मधेच पॉवर ऑफ करा. अर्ध्या तासाचं काम आहे. उद्या आपल्यातलंच कोणी बँकेचं, कोणी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहिणार. तिथे सात ताटांवर भागणार नाही.

मावशी आता प्रोग्रॅम वापरतात. पण वही अजून शेजारी उघडीच असते. आम्हीही काही बोलत नाही!