हातचा कुठे चुकला?

402 मधून 178 वजा करायचे. मुलगी उत्तर लिहिते 376. वहीवर लाल फुली पडते, पण फुलीतून तिला काय कळणार? तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो. वर्गात हातचा शिकवला तेव्हा ती आईबापांबरोबर उसाच्या फडात होती.

अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये दाखवून दिले की वजाबाकीतल्या अशा पुष्कळ चुका धांदलीच्या नसतात. मूल चुकीचाच एक नियम इमानाने पाळत असते. पुढे निघालेले संगणकाचे शिकवणी-कार्यक्रम म्हणूनच नुसते उत्तर तपासत नाहीत. मुलगी कुठल्या पायरीवर घसरली ते पाहतात, आणि ती सहावीत असली तरी तिसरीच्या हातच्यापासून सुरू करतात. न हसता, न ओरडता.

बीड जिल्ह्यात याची गरज सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, परततात मार्च-एप्रिलला. वर्ग पुढे गेलेला असतो. मुलगा मागे पडला तर शिकवणीचा विचार तरी होतो. मुलगी मागे पडली की ‘हिचं डोकं गणितात चालत नाही’, आणि मग कोपीवर धाकट्याला सांभाळणे, मग लग्न.

तरीही ‘मोबाइलवर सगळं फुकट आहे’ असे कोणी म्हटले की मी सावध होते. घरात मोबाइल बहुधा एकच. दिवसा बापाच्या खिशात, संध्याकाळी भावाच्या हातात. मुलीने घेतला तर ‘कोणाशी बोलतेस?’ (यंत्र घरात आले की त्याची किल्ली कोणाकडे जाते, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी काय सांगावे!)

दिल्लीतल्या माइंडस्पार्क केंद्रांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत तिथल्या मुलांचे गणित चांगलेच सुधारले. पण ती मुले केंद्रात येऊन बसत होती, आणि 45 मिनिटे संगणकावर काढली की पुढची 45 मिनिटे माणूस शिकवत होता. आपल्याकडे यंत्र आणायचे आणि शिक्षिकेची जागा रिकामी ठेवायची, असा बेत कोणी करत असेल तर त्याला आपला विरोध आहे.

आणि उदाहरणे कसली घालणार? रेल्वेगाड्या आणि नळ पुरे झाले. 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. एक लाखाची उचल फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल? 273 टनांहून थोडा जास्त. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, पण उचल घेतो तो, आणि हिशेबाची वही मुकादमाकडे. ही वही वाचता येणारी मुलगी घरात असली तर मुकादमालाही आकडा जपून सांगावा लागेल.

मागे राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे या जिल्ह्याला नवी नाहीत. हे संगणक तिथे ठेवा. अंधार पडण्यापूर्वीची वेळ मुलींची, ती दुसऱ्या कोणी घ्यायची नाही. शेजारी गणित जाणणारी एक ताई हवी, पगारावर, मानधनावर नव्हे. आणि फडावर गेलेली मुलगी कुठल्या पायरीवर थांबली याची नोंद कारखान्याजवळच्या शाळेत तिच्याबरोबर पोचली पाहिजे. टोळ्या निघण्यापूर्वीच्या ग्रामसभेत हे मागायचे आहे, तेव्हा बायांनी मागे न बसता पुढच्या रांगेत बसावे.