पाठांतर आणि श्रद्धा

पवित्र शास्त्रांतील वचनें मुलांकडून पाठ करून घेणें ही निव्वळ पोपटपंची होय, असें कित्येक सुशिक्षित पालक म्हणतात. बक्षिसापुरतें पाठ करून दुसरे दिवशीं विसरणारीं मुलें पाहिलीं म्हणजे हा आक्षेप अगदींच खोटा, असें म्हणवत नाहीं. परंतु अरण्यांत प्रभु येशूची परीक्षा झाली, तेव्हां त्याचे हातीं ग्रंथ कोठें होता? तिन्ही वेळां त्यानें अनुवादाच्या पुस्तकांतील वचनानेंच सैतानास उत्तर दिलें. तें त्याच्या अंतःकरणांत आधींच सांठविलेलें होतें.

लहानपणीं मीं २३ वें स्तोत्र पाठ केलें, तें केवळ बक्षिसासाठीं. त्याचा अर्थ कळला तो २० वर्षांनीं, मातोश्रींच्या अखेरच्या रात्रीं. डोळे भरून आले होते, पुस्तक वाचवेना. तेव्हां तींच ६ वचनें ओठांवर आलीं. पेरल्या दिवशींच कणीस मागूं नये, हें मला त्या रात्रीं उमगलें.

म्हणून पालकहो, सायंप्रार्थनेच्या वेळीं आठवड्यास एकच वचन मुलांबरोबर आपणही पाठ करा व त्याचा अर्थ त्यांस समजावून सांगा. विद्यार्थिमित्रांनो, बक्षीस मिळो वा न मिळो, संकटकाळीं उपयोगी पडेल असें हें धन आजच सांठवून ठेवा.