गर्भाचा पहिला महिना कोणी समजावून सांगायचा?

बाळाचा ओठ दुभंगलेला असो की पाठीवर जन्मजात गाठ, नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'हिने ग्रहणात काही चिरलं-कापलं होतं का?' सरकारी रुग्णालयात हा प्रश्न मी अनेक वर्षे ऐकतो आहे. आधीच खचलेल्या आईच्या माथी तो आणखी एक दोष मारतो.

प्रत्यक्षात काय घडते? गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीवर पेशींचा सपाट पट्टा तयार होतो. त्याच्या कडा उचलल्या जातात आणि करंजीची कड दाबत न्यावी तशा जुळत जातात. या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो. ती साधारण २८व्या दिवसापर्यंत पूर्ण बंद होते. खालच्या भागात उघडी राहिली तर 'स्पायना बिफिडा' होतो. अशा मुलांच्या पायांतली ताकद आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो.

पाळी चुकेपर्यंत यातले दोन आठवडे संपलेले असतात. बहुतेक स्त्रिया तपासणीला येतात तेव्हा नळीचे काम आटोपलेले असते. ग्रहण सातव्या महिन्यात असेल, तर या व्यंगाशी त्याचा संबंध येणार तरी कसा?

१९९१मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीच्या गर्भात असा दोष आढळलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतले, तेव्हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत १९९८पासून धान्याच्या प्रक्रिया केलेल्या पिठात ते मिसळणे बंधनकारक आहे. आपल्याकडे गोळी स्वस्त आहे, सरकारी केंद्रांत मोफतही मिळते. पण तिची आठवण होते ती दिवस राहिल्यावर.

म्हणून हा निरोप गर्भवतीच्या आधी नवविवाहितेला, तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही द्यायला हवा. विवाह नोंदणीच्या वेळी, आशाताईंच्या गृहभेटीत, महाविद्यालयात तो देता येईल. मूल हवे असे ठरले की किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावे आणि पहिले तीन महिने चालू ठेवावे. आधी असे बाळ झाले असेल, तर मात्रा दहापट लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. फिटच्या काही औषधांनीही हा धोका वाढतो. मात्र ती स्वतःहून बंद करू नयेत, गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

संशोधकांनीही प्रयोगशाळेबाहेर यायला हवे. कोंबडीचे फलित अंडे उबवले तर दुसऱ्या दिवशी हीच नळी बंद होताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तिसऱ्या दिवशी धडधडणारे हृदय साध्या भिंगातूनही दिसते. तालुक्याच्या शाळेत हे दाखवले, तर ग्रहणाच्या गोष्टीपुढे ठेवायला मुलांकडे डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी असेल.

सांगताना एक पथ्य मात्र पाळायला हवे. फॉलिक अॅसिडने सगळीच व्यंगे टळत नाहीत. आनुवंशिकता, आटोक्यात नसलेला मधुमेह अशी इतरही कारणे असतात. त्यामुळे उद्या 'ग्रहणात काय चिरलं?' याऐवजी 'गोळी का नाही घेतली?' असे विचारून पुन्हा आईलाच आरोपी करू नये. अशा घरात तिला धीर द्यावा, बाळाला लवकर शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी न्यावे आणि पुढच्या गर्भधारणेपूर्वी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे.